अग्निरोधक रसायने : भय आगीचे आणि व्यापार विषाचा

कामगार चळवळीतल्या माणसाने रसायनांवर बोलावे याचे कुणाला नवल वाटेल. मी रसायनशास्त्राचा पदवीधर नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे शिकणे युनियनच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर झाले. परंतु रसायन कारखान्यात शिरते तेव्हा पहिला हात त्याला कामगाराचा लागतो. त्याची वस्तू होऊन बाजारात येते तेव्हा ती कामगाराच्याही घरी पोचते. आणि ती वस्तू भंगारात निघते तेव्हा फोडायलाही कामगारच बसतो. तेव्हा या विषयाशी आमचा संबंध नाही असे म्हणता येणार नाही.

सोफ्याच्या गादीतला फोम, दूरदर्शन संचाची व संगणकाची प्लास्टिकची पेटी, विजेच्या तारांवरचे वेष्टन, मोटारीतल्या बैठका, अशा वस्तूंनी पेट घेऊ नये किंवा निदान उशिरा घ्यावा म्हणून त्यांत काही द्रव्ये मिसळतात. त्यांना अग्निरोधक रसायने म्हणतात. ही द्रव्ये मिसळण्यास कायद्याने भाग पाडावे, की कायद्याने ती बंद करावी, हा वाद अमेरिकेत चाळीस वर्षांहून अधिक काळ चालला. त्या वादाची हकीकत मी आज सांगणार आहे. ती परदेशातली आहे खरी. परंतु तीतून निघणारा धडा आपल्याही उपयोगाचा आहे.

प्रथम ही द्रव्ये काम कशी करतात ते पाहू. पूर्वी गाद्यागिर्द्यांत कापूस, काथ्या, घोड्याचे केस असत. दुसऱ्या महायुद्धानंतर हळूहळू त्यांची जागा पॉलियुरेथेन फोमने घेतली. हा फोम खनिज तेलापासून होतो. म्हणजे ते घट्ट केलेले इंधनच म्हणा ना! वस्तू जळू लागली की तिच्यातून निघणाऱ्या वायूंत अतिशय चपळ असे रेणूंचे तुकडे तयार होतात. एक तुकडा दुसरा उत्पन्न करतो, दुसरा तिसरा, आणि ही साखळी चालू राहिली की तिलाच आपण ज्वाला म्हणतो. ब्रोमीन व क्लोरीन ही मूलद्रव्ये त्या साखळीत शिरून ते तुकडे पकडतात व साखळी तोडतात. म्हणून त्यांची सेंद्रिय संयुगे अग्निरोधक म्हणून वापरात आली. सगळीच अग्निरोधके मात्र एका माळेचे मणी नव्हेत. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडसारखे खनिज तापले की पाणी सोडते व आग थोपवते. त्याच्याविषयी ही तक्रार नाही. तक्रार आहे ती मुख्यतः ब्रोमीन-क्लोरीनच्या कुळाची.

या कुळातली पुष्कळशी द्रव्ये फोमशी किंवा प्लास्टिकशी रासायनिक रीतीने बांधलेली नसतात, नुसती मिसळलेली असतात. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या जशा दिवसेंदिवस विरतात, तशी तीही वस्तूतून हळूहळू बाहेर पडतात आणि घरातल्या धुळीत जाऊन बसतात. तान्हे मूल जमिनीवर रांगते आणि तोच हात तोंडात घालते; त्यामुळे त्याच्या लहानशा देहाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा त्याच्या पोटात ती अधिक जातात. यांतली बरीच द्रव्ये चरबीत साठतात आणि सहजासहजी नाश पावत नाहीत. स्वीडनमध्ये १९७२ पासूनचे आईच्या दुधाचे नमुने जपून ठेवलेले होते. पुढे ते तपासले तेव्हा असे दिसले की, पीबीडीई या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ब्रोमीनयुक्त अग्निरोधकांचे प्रमाण १९९७ पर्यंत साधारण दर पाच वर्षांनी दुप्पट होत गेले. या द्रव्यांची घडण आपल्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या रसाशी मिळतीजुळती आहे, आणि गर्भातल्या मुलाचा मेंदू घडण्यास तो रस लागतो. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया येथील पाहण्यांत असे आढळले की, गरोदरपणी ज्या मातांच्या शरीरात पीबीडीई अधिक होते त्यांची मुले बुद्धिमापनाच्या चाचण्यांत मागे पडली.

आता हकीकतीकडे वळू. तिचे पहिले प्रकरण मिशिगन राज्यातले, १९७३ सालचे. तेथे मिशिगन केमिकल कंपनी दोन पदार्थ तयार करीत असे. एक ‘न्यूट्रीमास्टर’, म्हणजे गुरांच्या खाद्यात घालायचे मॅग्नेशियम ऑक्साइड. दुसरा ‘फायरमास्टर’, म्हणजे प्लास्टिकमध्ये घालायचे पीबीबी हे ब्रोमीनयुक्त अग्निरोधक. नावे सारखी, पोतीही सारखी. चुकून फायरमास्टरची पोती पशुखाद्याच्या गिरणीत गेली. गाई खाईनाशा झाल्या, दूध आटले, खूर वेडेवाकडे वाढू लागले. कारण सापडायला सुमारे वर्ष गेले आणि तोवर राज्यातल्या लोकांच्या पोटात ते दुधामांसावाटे जात राहिले. अखेर सुमारे ३० हजार गुरे आणि १५ लाख कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. त्या लोकांच्या व त्यांच्या मुलाबाळांच्या प्रकृतीची पाहणी पन्नास वर्षांनंतरही शास्त्रज्ञांना करावी लागली. ज्यांनी गाई पाळल्या, दूध प्याले, त्यांपैकी कुणीही अग्निरोधक मागितले नव्हते.

दुसरे प्रकरण लहान मुलांच्या कपड्यांचे. मुलांचे रात्रीचे कपडे पेटून अपघात होत, म्हणून अमेरिकेत १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत असे नियम झाले की हे कपडे सहज पेटणारे नसावेत. हेतू चांगला होता. गिरण्यांनी ‘ट्रिस’ नावाचे ब्रोमीनयुक्त द्रव्य कापडाला लावले. जानेवारी १९७७ मध्ये आर्लीन ब्लम आणि ब्रूस एम्स या दोन शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिले की, हे द्रव्य पेशींच्या आनुवंशिक घटकांत बिघाड करते आणि म्हणून कर्करोगास कारण होण्याचा संभव आहे. ज्या मुलांनी ते कपडे घातले त्यांच्या लघवीत त्या द्रव्याचा अंश सापडला, हेही लवकरच सिद्ध झाले. त्याच साली सरकारने मुलांच्या कपड्यांत ते वापरण्यास बंदी केली. या ब्लमबाई गिर्यारोहक होत्या. १९७८ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकन स्त्रियांनी हिमालयातले अन्नपूर्णा शिखर सर केले.

परंतु गिरण्यांनी ब्रोमीनचे ट्रिस काढून त्या जागी क्लोरीनचे ट्रिस आणले! त्याचीही तशीच तक्रार निघाली आणि तेही मुलांच्या कपड्यांतून गेले. गेले म्हणजे नष्ट झाले नाही. ते सोफ्याच्या फोममध्ये जाऊन बसले, आणि कित्येक वर्षांनी ब्लमबाईंना त्याच द्रव्याची गाठ पुन्हा तेथे पडली.

येथून तिसरे आणि मुख्य प्रकरण सुरू होते. १९७५ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने एक नियम केला. त्याचे सरकारी नाव टीबी ११७. सोफ्यातला फोम उघडा धरून त्याला मेणबत्तीएवढी ज्योत लावली तर त्याने १२ सेकंद टिकाव धरला पाहिजे, असा त्याचा गाभा. राज्य मोठे, बाजारपेठ मोठी; एका राज्यासाठी वेगळा माल कोण काढणार? त्यामुळे देशभरातल्या सोफ्यांत अग्निरोधके आली. पुढे पेंटा नावाचे पीबीडीई फोममध्ये वजनाच्या शेकडा तीन ते पाच इतके घालीत.

आता साध्या व्यवहाराने विचार करा. घरातला सोफा उघडा फोम असतो काय? त्यावर खोळ असते. आग आधी खोळीला लागते. आणि खोळ पेटली की तिची ज्वाला मेणबत्तीच्या ज्योतीच्या कितीतरी पट मोठी होते. त्या ज्वालेपुढे आतल्या फोममधले द्रव्य टिकत नाही. म्हणजे प्रयोगशाळेत जी परीक्षा उत्तीर्ण होई, तिचा घरातल्या आगीशी फारसा संबंध नव्हता. उलट, ब्रोमीन-क्लोरीनने ज्वाला अर्धवट दाबली की धूर व विषारी वायू वाढतात. आणि आगीत माणसे पुष्कळदा ज्वालेपेक्षा धुरानेच मरतात. आगीतून फुफाट्यात, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

मग सोफे मुळात पेटत कशाने? फार मोठ्या प्रमाणात, धुमसत्या सिगारेटने. माणूस सिगारेट ओढता ओढता पेंगतो, ती गादीवर पडते आणि धुमसत राहते. न ओढल्यास आपोआप विझेल अशी सिगारेट करणे अशक्य नव्हते. पण तंबाखूच्या कंपन्यांना ते नको होते. त्यांनी अग्निशामक अधिकाऱ्यांच्या संघटनांशी सूत जमवून सिगारेटऐवजी फर्निचरच अग्निरोधक करावे, या विचाराला बळ दिले. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरे काय! अशा विझणाऱ्या सिगारेटची सक्ती करणारे पहिले राज्य न्यूयॉर्क. तीही २००४ मध्ये. पुढच्या सातआठ वर्षांत इतर सर्व राज्यांनी तसेच कायदे केले.

नियम बदलावा म्हणून कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात एकामागून एक विधेयके आली आणि पडली. ती पाडण्यासाठी ‘सिटिझन्स फॉर फायर सेफ्टी’, म्हणजे अग्निसुरक्षेसाठी झटणारे नागरिक, या नावाची एक संस्था पुढे होती. २०१२ मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’ या वर्तमानपत्राने शोध घेऊन छापले की, या नागरिकांच्या संस्थेचे सभासद होते अग्निरोधके बनविणारे तीन मोठे कारखानदार. याच संस्थेच्या बाजूने एका नामांकित डॉक्टरने भाजून मेलेल्या तान्ह्या मुलीची करुण कहाणी विधिमंडळाच्या समितीपुढे सांगितली होती. वर्तमानपत्राने तपास केला तेव्हा तशी मुलगी कोठेही आढळली नाही. आमच्या चळवळीत आम्ही मालकांनी उभ्या केलेल्या युनियनी पुष्कळ पाहिल्या आहेत. नाव कामगारांचे आणि दोरी मालकाच्या हातात. नागरिकांच्या नावानेही तसेच करता येते, हे या प्रकरणावरून कळते.

आता ज्यांच्यामुळे बाजी पलटली त्यांच्याविषयी सांगतो. अग्निरोधकांचा सर्वांत अधिक फायदा कुणाला व्हावा? आगीशी झुंजणाऱ्या बंबवाल्यांना. कंपन्यांचाही दावा तोच. परंतु सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरांतल्या बंबवाल्यांनी पाहिले की आपले सोबती ऐन उमेदीत कर्करोगाने जात आहेत. ही द्रव्ये जळताना त्यांच्यापासून डायॉक्सिनसारखी जहाल विषे उत्पन्न होतात. ती काजळीबरोबर अंगावर, कपड्यांवर बसतात. बंबवाल्यांच्या संघटना पुढे आल्या आणि त्यांनी स्वच्छ सांगितले की आमच्या नावाने हे द्रव्य विकू नका. पुढे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बंबवाल्याचा व्यवसायच कर्करोगास निश्चित कारण होणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातला. त्याला कारणे अनेक आहेत, केवळ अग्निरोधके नव्हेत. पण ज्याचे काम आधीच असे आहे त्याच्या वाट्याला आणखी विष का वाढावे?

२०१२ मध्ये कॅलिफोर्नियाचे राज्यपाल जेरी ब्राउन यांनी नियम बदलण्याचा आदेश दिला. नवा नियम २०१३ मध्ये झाला व २०१५ पासून बंधनकारक झाला. त्यात १२ सेकंदांची ज्योत गेली. खोळ व फोम एकत्र घेऊन धुमसत्या सिगारेटची परीक्षा आली, आणि ती अग्निरोधक न घालताही चांगल्या कापडाने उत्तीर्ण होते. म्हणजे सुरक्षितता सोडावी लागली नाही, केवळ विष सोडावे लागले. २०१७ मध्ये मेन राज्यात बंबवाल्यांच्या संघटनेने सोफ्यांतील अग्निरोधकांवर बंदीचा कायदा आणवला. राज्यपालांनी तो नाकारला, तेव्हा विधिमंडळाने तो नकार बहुमताने उलटवला. कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये सोफ्यांबरोबर मुलांच्या वस्तू व गाद्यांचा फोम यांनाही तसा कायदा केला. तो २०२० पासून अमलात आला. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाचीच नवी परीक्षा साऱ्या अमेरिकेचा नियम झाली.

या सर्व हकीकतीतून मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट : बंदी नाव पाहून करू नये, कूळ पाहून करावी. पीबीबी गेले, पीबीडीई आले. त्यांतले पेंटा २००४ मध्ये बाजारातून काढले, तर त्याच्या जागी क्लोरीनचे ट्रिस आणि एक नवे मिश्रण आले. त्या मिश्रणाचे व्यापारी नाव काय असावे? ‘फायरमास्टर ५५०’! मिशिगनच्या पोत्यांवरचे नाव पुन्हा बाजारात आले. आत रसायन निराळे, पण त्यातही ब्रोमीन होतेच. पुढे उंदरांवरील प्रयोगांत त्याचेही दुष्परिणाम दिसून आले. एका द्रव्याचा दोष सिद्ध करायला दहावीस वर्षे लागतात आणि त्याचा भाऊ बाजारात यायला एक हंगाम पुरतो. २०१२ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी १०२ सोफ्यांचा फोम तपासला. शेकडा ८५ नमुन्यांत एक ना एक अग्निरोधक निघाले, आणि त्यांत क्लोरीनचे ट्रिसही होते. म्हणून युरोपीय संघाने दूरदर्शन संच व संगणकाचे पडदे यांच्या पेट्यांपुरता वेगळा मार्ग धरला. मार्च २०२१ पासून त्यांत ब्रोमीन-क्लोरीनच्या कुळातले कोणतेच अग्निरोधक चालणार नाही असे ठरवले. अमेरिकेतही ग्राहकसुरक्षा आयोगाने २०१७ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी हे कूळ एकत्र धरण्याचे तत्त्व मान्य केले. तेथील राष्ट्रीय अकादमीने २०१९ मध्ये सांगितले की सरसकट एक गट धरता येणार नाही, परंतु १४ पोटगट पाडून विचार करता येईल. हा शास्त्रातला प्रामाणिक मतभेद आहे. तरी शेकडो द्रव्यांचा एकेक खटला चालवण्यापेक्षा चौदा खटले केव्हाही बरे.

दुसरी गोष्ट : विषारी आहे की नाही हे विचारण्याआधी, मुळात गरज आहे काय हे विचारावे. विमानातल्या बैठकीला किंवा विजेच्या यंत्राला आगीपासून संरक्षण लागते; ते नाकारणे वेडेपणाचे होईल. पण तान्ह्या मुलाला पाजताना मांडीवर घ्यायच्या उशीला ते कशाला? अमेरिकेत अशा उशांतही ही द्रव्ये आढळली होती. धुराची सूचना देणारे यंत्र, पाण्याचे फवारे, नीट बसवलेली विजेची तार, जिन्यात अडगळ न ठेवणे, हे आगीवरचे खरे उपाय आहेत. त्यांत रोजचे विष नाही.

तिसरी गोष्ट जाणून घेण्याच्या हक्काची. आमच्या कामात एका कारखान्यात पिंपांवर नुसते आकडे असत. आत काय आहे विचारले की व्यापारी गुपित असे उत्तर मिळे. हातावर फोड मात्र गुप्त राहत नसत. १९८४ च्या भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोक्याची माहिती कामगारांना देणे मालकावर बंधनकारक झाले. जो हक्क कामगाराला पिंपाबाबत मिळाला तो गृहिणीला सोफ्याबाबत का नसावा? कॅलिफोर्नियाने २०१५ पासून सोफ्याच्या पट्टीवर अग्निरोधक घातले आहे की नाही हे लिहिणे सक्तीचे केले. चार ओळींची पट्टी, पण तीमुळे गिऱ्हाइकाला निवड करता येऊ लागली.

आता आपल्याकडे पाहू. टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांविषयीच्या स्टॉकहोम करारात भारत २००६ मध्ये सामील झाला. त्या करारात २००९ पासून पेंटासारखी अग्निरोधके बंदीच्या यादीत येत गेली. आपल्या सरकारने २०१८ मध्ये नियम करून सात द्रव्यांची निर्मिती, व्यापार, वापर व आयात-निर्यात बंद केली, आणि त्यांत बरीचशी अग्निरोधके होती. विजेच्या व इलेक्ट्रॉनिक मालात पीबीबी व पीबीडीई शेकडा ०.१ हून अधिक नसावे, असा नियम त्याआधीपासूनच, २०१२ पासून, ई-कचऱ्याच्या नियमांत आहे. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु २०१८ च्या त्या यादीत डेका हे पीबीडीई नव्हते, जरी आंतरराष्ट्रीय यादीत ते २०१७ मध्येच गेले होते. नावाने बंदी करण्याची अडचण ती हीच.

दुसरे असे की, बंदीआधीचा माल कोठे जातो? जुन्या संचांच्या काळ्या पेट्या भंगारात येतात. त्या फोडणारे, दळणारे, वितळवणारे हात आपल्याच शहरांतल्या झोपडपट्ट्यांतले असतात. स्टॉकहोम करारानेच २००९ मध्ये पीबीडीई असलेल्या जुन्या मालाच्या पुनर्वापरास २०३० पर्यंत मुभा देऊन ठेवली. त्यामुळे निरनिराळ्या देशांतल्या काळ्या प्लास्टिकच्या खेळण्यांत ही द्रव्ये पुन्हा सापडली. अमेरिकेत जुना फोम तुकडे करून पुन्हा वापरणाऱ्या आणि त्याचे अस्तर घालून गालिचे बसवणाऱ्या कामगारांच्या रक्तात इतरांपेक्षा कितीतरी अधिक पीबीडीई आढळले. भंगारात काम करणाऱ्याला हातमोजा नाही, हजेरीपट नाही, त्याच्या रक्ताची तपासणी कोण करणार?

श्रोतेहो, आपल्याकडे नव्या उंच इमारती, नवे फर्निचर, नवी रुग्णालये उभी राहत आहेत, आणि त्यांत लागणाऱ्या आगीही खऱ्या आहेत. लोक अग्निसुरक्षेची मागणी करतील, करावीच. त्या वेळी कुणीतरी एक पिंप पुढे करील आणि म्हणेल, हे मिसळा म्हणजे झाले. तेव्हा आपण त्याला इतकेच विचारावे : याने घरातली आग खरोखर थांबते काय, हे कोणत्या कुळातले आहे, आणि ते निर्धोक असल्याचा पुरावा विक्रीपूर्वी तुम्ही देणार की विक्रीनंतर आमच्या मुलांच्या रक्तातून आम्ही काढायचा? हे प्रश्न विचारायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. अमेरिकेतल्या बंबवाल्यांजवळ ती नव्हती. त्यांच्याजवळ संघटना होती, आणि आपल्या मेलेल्या सोबत्यांची यादी होती.